पन्नास म्हशींचं माळवद

“मॅडम, तुम्ही स्वतः झोपाल का माळवदाखाली?”

हा प्रश्न माझा नव्हता, नसरीनचा होता. मागच्या बाकावरून तिनं माझ्या पाठीत पेन्सिल खुपसली आणि पैज लावली. उभं राहून एवढं विचारलंस तर शाळेसमोरच्या गाड्यावरचे दोन पेप्सीकोला, नाहीतर दहावी होईपर्यंत सगळ्यांसमोर भित्री भागूबाई. पद्मिनीनं लगेच टाळी दिली, म्हणजे साक्षीदारही झाला. आदल्या वर्षीची संजीवनी बिराजदार असती तर मान खाली घालून बसली असती. पण नववीत मी वक्तृत्वात तालुक्यात दुसरी आले होते आणि तेव्हापासून माझे पाय माझं ऐकेनासे झाले होते. कुठं प्रश्न दिसला की आपोआप उभे राहायचे.

वर्गात खसखस पिकली. सरांनी डोळे वटारले. परीक्षा संपून निकालाची वाट बघायचे दिवस होते, एप्रिलची शेवटची सकाळची शाळा, आणि लातूरहून सबनीस मॅडम आल्या होत्या. जुनी दगडमातीची घरं न पाडता भूकंपाला टिकतील अशी कशी करायची आणि ती उन्हाळ्यात थंडही कशी ठेवायची, हे त्या सांगत होत्या.

मॅडम हसल्या नाहीत. चष्मा वर सारून म्हणाल्या, “किती इंचाच्या माळवदाखाली?”

“म्हणजे?”

“म्हणजे फळ्यांवर माती किती आहे? सहा इंच असेल तर खुशाल झोपेन. मे महिन्यात तर मुक्कामालाच येईन, तुमच्यासारखा गारवा आमच्या फ्लॅटमध्ये कुठला! पण दर वर्षी गळू नये म्हणून तुम्ही वर नवी माती टाकता. जुनी कधी काढता?”

काढतात कुठं? आमच्याकडे खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती, असं माळवद. मृगाच्या आधी वर माती चढते. खाली उतरलेली मी तरी पाहिली नव्हती.

“एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच मातीचं वजन साधारण पंचेचाळीस किलो,” मॅडम म्हणाल्या. “घरी जाऊन मोज आणि मला फोन कर. मग मी सांगते झोपेन की नाही.”

त्यांनी फळ्यावर नंबर लिहिला. मी तो तळहातावर उतरवून घेतला. नसरीननं एकच पेप्सीकोला दिला. “प्रश्न तू विचारलास, पण उत्तर कुठं मिळालं? अर्धीच पैज जिंकलीस,” म्हणे. अशी आहे ती.

दुपारी मी माळवदावर चढले. पायाला चटके बसत होते. माळवदाच्या मधोमध उजेडासाठी एक भोक असतं, त्यावर पत्र्याचं झाकण. ते सरकवलं आणि भोकाच्या कडेला अप्पांची टेप लावली. अप्पा म्हणजे माझे वडील, दिगंबर मिस्त्री. गावातली निम्मी माळवदं त्यांच्याच हातची.

एकतीस इंच.

मला वाटलं टेप वाकली. पुन्हा मोजलं. एकतीसच. भोकाच्या कडेला मातीचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक दिसत होते, दर वर्षीचं एक पान. मी मोजायला लागले. सगळे थर पांढुरके होते, पण खालून बारा-तेरा इंचांवर एक काळी रेघ होती. बोटानं उकरलं तर जळल्यासारखी भुसभुशीत, कुजलेलं गवत असावं तशी.

“काय करायलीस गं वर? डोकं फिरलं का उन्हात?” खालून आईचा आवाज आला.

“मोजायले!”

“काय मोजायलीस?”

ते मला वही घेऊन बसल्यावर कळलं. आमचा सोपा, म्हणजे पुढची झोपायची खोली, अठरा बाय बारा. गुणाकार तीन वेळा केला. पंचवीस टन. नसरीन आणि पद्मिनी संध्याकाळी आल्या तेव्हा मी त्यांना आकडा दाखवला.

“पंचवीस टन म्हणजे किती गं?” पद्मिनी म्हणाली. “मला टन कळत नाही.”

“तुमची म्हैस किती किलोची?”

“असंल पाचशे.”

नसरीननं बोटांवर हिशेब केला आणि एकदम किंचाळली, “पन्नास! संजे, तू रोज पन्नास म्हशींच्या खाली झोपतीस!”

आम्ही पोट धरून हसलो. मग तिघींनी वर तुळईकडे पाहिलं आणि हसू थांबलं.

रात्रीच्या जेवणाची वाटसुद्धा पाहवेना मला. अप्पा हातपाय धुऊन ओट्यावर बसले, तसं मी सगळं सांगून टाकलं. अप्पा ऐकत होते. आकडा सांगितला तेव्हा त्यांचा हात गमज्यावर थांबला.

“भिंत दोन हाताची हाय आपली,” ते म्हणाले.

“मॅडम म्हणतात ती एक भिंत नसतीच. आतली एक, बाहेरची एक, आणि मधी दगडगोट्यांची भर. हादरा बसला की दोन्ही फाकतात. न्हाणीजवळ भिंतीला पोट आलंय ते बघितलंत का?”

“त्र्याण्णवच्या भूकंपात पडलं का हे घर?”

“नाही, पण—”

“मग झालं तर.”

“अप्पा, तेव्हा माती एवढी नव्हती! ती काळी रेघ आहे ना आत, तिच्यावरची सगळी—”

“कसली रेघ?” त्यांनी एवढ्या जोरात विचारलं की आईनं चुलीपुढून वळून पाहिलं.

“भोकात दिसते. काळी. कशाची आहे?”

अप्पा उठले आणि गमजा झटकून बाहेर गेले. आम्ही जेवायला बसलो तरी परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला आणि अंगणात पांढऱ्या मातीचा ढीग ओतून गेला. मृगाला महिन्याहून जास्त अवकाश होता, पण अप्पा आधी आपलं माळवद करायचे, मग गावाचं.

मी मॅडमना फोन लावला. तीन वेळा कव्हरेज क्षेत्राबाहेर. चौथ्यांदा लागला तेव्हा त्या कुठल्या तरी घराच्या भिंतीवर चढलेल्या होत्या. एकतीस हा आकडा त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावला.

“नाही झोपणार,” म्हणाल्या. “आणि तूही सोप्यात नको झोपूस. आता लिहून घे.”

मी लिहून घेतलं. माती हळूहळू, सगळीकडून सारखी उतरवायची, सहा इंचांपर्यंत. त्यावर पालथी मडकी मांडायची, मधल्या फटींत चुना आणि विटांचा चुरा, वरून पांढरा चुना. मडक्यातल्या हवेमुळे घर थंड राहतं आणि वजन काहीच नाही. भिंतीत जागोजागी आरपार जोडदगड बसवायचे, म्हणजे आतली आणि बाहेरची भिंत एकमेकीला धरून राहते. शेवटी घराभोवती जाळी आणि सिमेंटचा पट्टा. “परकराला नाडी असते ना, तसा,” मॅडम म्हणाल्या. “नाडीशिवाय परकर कसा राहील?”

मला एवढा आनंद झाला! सगळं आमच्यासारख्यांना जमण्यासारखं. मडकी गावात होतात, दगड आहेत, आणि मिस्त्री तर घरातच. मी कागद घेऊन आईकडे धावले.

“पत्रे नाही टाकायचे ना?” आईनं पहिलं हेच विचारलं. पद्मिनीच्या घरचं माळवद काढून पत्रे टाकले होते, आणि दुपारी तिची आई ओली साडी नेसून आमच्या सोप्यात येऊन बसायची. “त्या भट्टीत मला नाही राहायचं बाई.”

“पत्रे नाही! मडकी!”

“मग अप्पांना सांग.”

“तू सांग ना.”

आईनं पीठ मळायला घेतलं. “हे त्यांना मी नाही सांगू शकत,” एवढंच म्हणाली.

अप्पांनी कागद पाहिला. घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले, “लातूरला क्लासला जायची तयारी कर. पंधरा दिवस राहिले. मामीला फोन केलास का?”

दहावीच्या उन्हाळी बॅचला माझं नाव घातलेलं होतं. मामाकडे राहायचं, सकाळ-संध्याकाळ क्लास. अप्पा चारचौघांत मोठ्या अभिमानानं सांगायचे, “संजी लातूरला चाललीय.” त्यांच्या पोरीला सगळं कळतं हे त्यांना आवडायचं. फक्त त्यांच्या माळवदाबद्दल कळायला नको होतं!

मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक म्हणाले, घरमालकाचा अर्ज पाहिजे. घरमालक म्हणजे अप्पा. मी हेडमास्तरांकडे गेले. ते म्हणाले, “बाळ, तुझा विषय गणित आहे की माळवद?” मी नसरीनकडे गेले आणि तिच्या ओट्यावर पाय आपटले.

“कुणी ऐकतच नाही! पंचवीस टन म्हटलं की सगळे नुसती मान हलवतात.”

“टन कुणाला कळत नाही,” नसरीन म्हणाली. “म्हशी कळतात.”

तिथंच ठिणगी पडली. खडूचा डबा माझ्याकडे होता, टेप अप्पांची होती. दोन दिवस आम्ही तिघी घरोघर फिरलो. “काकू, जरा वर चढू का?” म्हणायचं, मोजायचं, गुणाकार करायचा आणि दाराशेजारी खडूनं मोठ्ठं लिहायचं. अठ्ठावीस म्हशी. एक्केचाळीस म्हशी. शेवंताकाकूंच्या दारावर एकवीस आल्या तर त्या नाराज झाल्या. “माझ्याच घरावर एवढ्या कमी?” त्यांना वाटलं सरकार म्हशी देणार आहे. आमच्या दारावर मी स्वतः सगळ्यात ठळक अक्षरांत लिहिलं, पन्नास म्हशी. खाली एक शिंगवाली म्हैसही काढली.

गाव हसत होतं, पण वर बघत होतं. जिंदगीत पहिल्यांदा माझ्या बोलण्यानं काहीतरी हललं होतं, आणि मी चालत नव्हते, उड्या मारत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी किराणा आणायला गेले. पारावर दहा-बारा जण बसले होते आणि अप्पा सायकल धरून उभे होते. मी दुकानाच्या कोपऱ्यावरच थांबले.

“काय मिस्त्री,” एक जण म्हणाला, “माझ्या घरावर चौतीस म्हशी चढवल्या म्हणं तुम्ही. दूध कधी काढायचं?”

हशा पिकला.

“मजुरी मातीची घेतली का म्हशींची?” दुसरा म्हणाला.

अप्पाही हसले. म्हणजे त्यांनी ओठ ताणले. मग शेवंताकाकूंचे मालक म्हणाले, “दिगंबरराव, औंदा राहू द्या आमचं. पोरगी म्हणती ते खरं असलं तर... तुम्ही तर हुशार मिस्त्री, तुम्हाला कसं कळलं नाही वो?”

आणखी दोघं म्हणाले, आमचंही राहू द्या.

अप्पा सायकल हातात धरून चालत निघाले, सायकलवर बसलेच नाहीत. मी तेल न घेताच मागच्या बोळातून घरी पळाले.

ते दाराशी आले तेव्हा मी न्हाणीच्या आडोशाला होते. अप्पांनी हौदातलं पाणी घेतलं, गमजा भिजवला आणि दारावरच्या पन्नास म्हशी पुसायला लागले. खडू पुसला जाईना, पांढरा फराटा होऊन पसरायला लागला. ते घासत राहिले. आई उंबऱ्यात उभी होती. “राहू द्या,” म्हणाली. ते थांबले नाहीत.

मग त्यांनी गमजा टाकला, अंगणातल्या ढिगातून पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि शिडी चढायला लागले.

मला इतका राग आला की रडू फुटलं. गाव ऐकतं आणि हा माणूस ऐकत नाही! पन्नासावर आणखी चार चढवणार, आणि त्याच छताखाली आई झोपणार! मी शिडीकडे धावले.

“संजे, चढू नको!” आई म्हणाली. मातीचं काम चालू असताना बायकांनी खाली पाट्या भरायच्या असतात, वर जायचं नसतं. मी चढले.

अप्पा भोकापाशी बसले होते. पाटी शेजारी तशीच भरलेली. झाकण सरकवलेलं होतं आणि त्यांचा हात आत, कडेवर होता.

“अप्पा, टाकू नका,” मी ओरडले. “मी चुकले असेन दारावर लिहून, पण आकडा चुकलेला नाही. तुम्ही पाहिजे तर परत मोजा. मला का नाही ऐकत तुम्ही? मी पोरगी म्हणून? का तुमचं नाव जातंय म्हणून?”

“ही रेघ,” अप्पा म्हणाले. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. “गवत हाय ते. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर दीड वर्ष आम्ही शेतात झोपडीत राहिलो. माळवदावर कोण चढतंय? गवत उगवलं, वाळलं, कुजलं. खालची माती तुझ्या आजोबांची. वरची सगळी माझी.”

मी पाटीशेजारी टेकले.

“शांताआत्याचा फोटो हाय ना सोप्यात.”

तो फोटो मी जन्मापासून बघत होते. हिरवी साडी, कपाळभर कुंकू, अप्पांची मोठी बहीण. भूकंपात गेली, एवढंच मला माहीत होतं.

“तिच्या लग्नानंतरचा पहिला मृग,” अप्पा म्हणाले. “आपल्याकडे बहिणीच्या माळवदावर पहिली पाटी भावानं टाकायची, माहेरच्या पांढऱ्या मातीची. मी सोळा वर्षांचा. बैलगाडी भरून घेऊन गेलो. ती म्हणली, दिगू, सासूबाई बोलतात, घर गळतंय म्हणून माझ्यावर चिडतात. जरा जास्तीची टाक रे. मी म्हणलो, अक्का, एक थेंब गळणार नाही. एका गाडीचं बोलणं होतं, मी तीन खेपा केल्या. चोपणीनं चोपून चोपून बसवली.”

त्यांनी बोटानं काळ्या रेघेवरची माती उकरली. ती खाली सोप्यात पडल्याचा आवाज आला.

“पावसाळा गेला. निरोप आला तिचा, एक थेंब गळलं नाही म्हणून. आन सप्टेंबरात...” त्यांनी हात झटकला. “त्या माळवदाखालून आम्ही तिला काढली, आजोबांनी आन मी. माती उपसून उपसून. ती माती मला ओळखू यायली होती, संजे. आपल्याच पांढरीची होती.”

खाली आई शिडी धरून उभी होती. तिचा चेहरा वर होता. तिला माहीत होतं.

“मग तुम्ही... मग तरी तुम्ही सगळ्यांच्या घरावर...” मी विचारलं.

“टाकायचं थांबलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, का थांबलास म्हणून. काय सांगणार होतो?” अप्पा म्हणाले. “भिंती कच्च्या होत्या, लाकूड किडलं होतं, नशीब होतं, तीस वर्षं मी हेच म्हणतोय. आन तू आलीस टेप घेऊन.”

त्यांनी खिशातून माझा कागद काढला. घड्या पडून पडून मऊ झाला होता. मडक्यांच्या ओळीपुढं त्यांच्या वाकड्या अक्षरांत मडकी किती लागतील ते लिहिलेलं होतं, आणि जोडदगडांच्या पुढं, न्हाणीजवळची भिंत आधी.

ते त्यांनी कधी लिहिलं होतं मला माहीत नाही. मला फक्त एवढं कळलं की गेले सहा दिवस मी ज्या माणसावर चरफडत होते, तो तोच कागद खिशात घेऊन गावभर हिंडत होता आणि पारावर हसून घेत होता.

“मग तुम्ही पुसलं कशाला?” मी विचारलं. “दारावरचं?”

“म्हैस चांगली काढली होतीस,” ते म्हणाले. “पण उद्या त्या सगळ्या दारांवर जाऊन काय बोलायचं गं? मीच चढवली आन आता मीच उतरवतो म्हणू? जीभ नाही रेटत माझी.”

ऊन उतरायला लागलं होतं. गावभर माळवदंच माळवदं दिसत होती, सगळी सपाट, सगळी शांत, आणि आज पहिल्यांदा मला त्यांवर म्हशी दिसेनात, खाली झोपणारी माणसं दिसली.

मी भरलेली पाटी उचलली. जड होती, मान आत गेल्यासारखी झाली. अप्पा “अगं, अगं” म्हणेपर्यंत मी ती कडेला नेली आणि अंगणातल्या ढिगावर रिकामी केली. धूळ उडाली, आई खोकत मागं सरली.

“काय चाललंय?” ती ओरडली.

अप्पा माझ्यामागून शिडी उतरले. दोघं समोर उभे होते, आई पदरानं तोंड पुसत, अप्पा कागद हातात धरून. मागं दारावर पांढरा फराटा होता आणि त्यात म्हशीचं एक शिंग अजून दिसत होतं.

“आई, अप्पा, मी लातूरला जाणार नाही,” मी म्हणाले. “मामीला मी फोन करते, क्लासवाल्यांना पण मीच सांगते. मृगाला महिना आहे. रोज सकाळी मी वर चढणार आणि माती उतरवणार, बायका चढत नाहीत हे मला कुणी सांगायचं नाही. आपलं घर झालं की ज्या ज्या दारावर मी खडूनं लिहिलंय, त्या त्या दारात अप्पांच्या बरोबर मी जाणार. बोलायचं मी, भिंतीला हात अप्पांचा. आणि अप्पा, त्या काळ्या रेघेवर थांबायचं नाही. तिच्या खालची पण काढायची.”